आईच्या मशीनची भावना-तपासणी

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या एका विधवा बाईंचे वयोमानाप्रमाणे, झोपेत आणि कुणालाही तसदी न देता निधन झाले. घर आणि घरातले सामान दोन मुलींचे व बहिणीचे, भांडू नका, असे त्या आधीच रीतसर लिहून ठेवून वर तोंडीही बजावून गेल्या होत्या. मुली भांडल्या नाहीत. बहीणही भांडली नाही. कायद्याला बोट घालायला कुठे फटच उरली नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

धाकटी मुलगी आईजवळच राहायची. खिडकीखाली पायाने चालवायचे शिलाई मशीन होते. त्यावर आधी आई शिवायची, मग दोघी आळीपाळीने, आणि आईची नजर गेल्यावर एकटी धाकटी. शाळेच्या गणवेशांचे काम तिने घेतले होते. कापड बेतून, कापून, गठ्ठे बांधून ठेवले होते आणि शाळा उघडायला आली होती. दुःख होतेच, पण दुःखाला बाह्या जोडता येत नाहीत हे तिला ठाऊक होते.

थोरली दुसऱ्या गावी नांदत होती. ती आली, पहिल्या दिवशी व्यवस्थित रडली, दुसऱ्या दिवसापासून थांबली. मावशीचे, म्हणजे आईच्या बहिणीचे, तसे नव्हते. तिचे डोळे जन्मजातच ओले. ती लग्नात रडायची, वाढदिवसाला रडायची, आणि गाडी वेळेवर आली तर आनंदाने रडायची. तिघींनी चहा पिता पिता वाटणी उरकली. मशीन धाकटीला, कपाट थोरलीला, आणि मावशीला तिला आवडेल ते. कप धुवून होण्याआधी वारसाहक्काचा प्रश्न मिटला होता.

तेवढ्यात समोरच्या दारातली शेजारीण आली आणि तिने तो सल्ला दिला, जो आजवर कुणाच्याही भल्याचा ठरलेला नाही. "सगळं कायदेशीर करून घ्या हो. पुढे कटकट नको. आमच्या दिराने वडिलांचं सगळं सामान एका सहीवर नेलं. गेला, सही केली, आला."

धाकटी वारस-नोंदणीच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या कारकुनाने न बघताच विचारले, "वारस?"

"आम्ही तिघी. दोन मुली आणि मावशी."

"म्हणजे सगळ्या बायका."

"हो."

"एखादा मुलगा वगैरे?"

"नाही हो."

"बघा आठवून," तो सहानुभूतीने म्हणाला. आठवूनही मुलगा निघाला नाही, तेव्हा त्याने कागद या टोपलीतून उचलून त्या टोपलीत टाकला.

वारस पुरुष असतील तर खरोखरच एक सही पुरत असे. घरातल्या वस्तूंविषयी पुरुषांना भावना नसतात, हे शासनाने गृहीत धरले होते, आणि त्याविरुद्ध आजवर एकाही पुरुषाने हरकत नोंदवली नव्हती. स्त्रियांच्या भावनांची मात्र फार काळ उपेक्षा झाली होती. म्हणून एक भव्य परिषद भरली, तीत अनेक मान्यवर गृहस्थांनी स्त्रियांच्या भावनांवर भाषणे केली, आणि त्यातून स्त्री-वारस भावना-संवर्धन योजना जन्माला आली. योजनेचे तत्त्व उदात्त होते. वस्तू किमतीवर नव्हे, मायेवर वाटायची. जिला ज्या वस्तूची माया अधिक, तिला ती वस्तू. आता माया मोजायची कशी, हा प्रश्न परिषदेच्या शेवटच्या सत्रात, जेवणानंतर, सोडवण्यात आला होता.

त्याप्रमाणे एके सकाळी भावना-निरीक्षक घरी आले. सोबत एक शिपाई आणि टिपकागदांचा गठ्ठा.

"प्रत्येक वस्तूसमोर प्रत्येकीने उभं राहायचं," निरीक्षकांनी समजावले. "मनात जे येईल ते येऊ द्यायचं. डोळ्यांतून आलं की शिपाई टिपून घेईल. जिचा कागद जास्त ओला, तिची वस्तू. काही शंका?"

"आम्ही वाटणी केलीय साहेब," धाकटी म्हणाली.

"आपापसांत?"

"हो."

"न रडता?" निरीक्षकांच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. "बाई, ही परिस्थिती बदलायलाच आम्ही आलोय."

कपाटापासून सुरुवात झाली. कपाटासमोर कुणालाच काही झाले नाही. अगदी मावशीसुद्धा त्याच्याकडे बघून नुसती नाक ओढून राहिली, कारण आयुष्यभर त्याच्या दाराने तिची बोटे चेंगरली होती. पुढे मात्र ती सुरू झाली. छत्रीवर रडली, पाटीवर रडली, पायपुसण्यावर रडली. जिन्यात टेकवून ठेवलेल्या शिडीवर तर हुंदके देऊन रडली. ती शिडी शेजारणीची होती. शेजारीण दारातून ओरडली, "अहो, ती आमची आहे!" पण तिचा डोळा कोरडा होता, त्यामुळे तिच्या म्हणण्याला पुरावा नव्हता.

मग मशीन आले.

"हं. जुनं झालंय," थोरली म्हणाली. कागद कोरडा.

मावशीने दोन कागद भिजवले.

धाकटी पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, जरा बाजूला होता का? तुमचा पाय पट्ट्यावर पडेल."

"बाई, मी भावना विचारली."

"भावना आहेच हो. पण याला आधी तेल घालायला पाहिजे."

निरीक्षकांनी लिहून घेतले: 'वारस कोरडी. तेलाचा उल्लेख केला.' मग जाहीर केले, "मशीन मावशींना."

"अगं बाई, मला कशाला?" मावशी दचकली. "मला साधा दोरा ओवता येत नाही!" आणि त्या विचाराने तिला पुन्हा भरून आले. शिपायाने तिसरा कागद लावला, तिची बाजू आणखी बळकट झाली.

धाकटी हिशेब करू लागली. मशीन गेले म्हणजे गणवेश गेले, गणवेश गेले म्हणजे शाळेचे काम कायमचे गेले, आणि मग आईच्या आठवणी काढत नुसते बसायला तिच्याकडे वेळच वेळ राहणार होता. शेजारीण तिच्या कानाशी लागली. "अगं, रड की!"

"येत नाहीये ना! दवाखान्यात रडून झालं माझं."

"मग खोटं रड."

"ते तर त्याहून येत नाही."

शेजारीण कांदा आणायला वळली, पण शिपाई नवखा नव्हता. त्याने धाकटीचे हात हुंगले, शेजारणीचेही हुंगले, आणि कांदे तपासणी संपेपर्यंत ताब्यात घेतले. निरीक्षकांनी दौतीचे झाकण लावायला घेतले. काहीतरी करायचे म्हणून धाकटीने मशीनचा खण ओढला.

खणात फडक्याला टोचलेल्या सुयांची रांग होती. प्रत्येक सुईत दोरा ओवलेला. नजर गेल्यावर आईला दुसरे काही करता येत नव्हते, तेव्हा ती दुपारभर बसून चाचपत सुया ओवून ठेवायची, धाकटीचा तेवढाच वेळ वाचावा म्हणून. दोरे भलत्याच रंगांचे होते. हिरवा, जांभळा, कुठल्याच गणवेशाला न चालणारे. त्या सुया आता कधीच संपणार नाहीत आणि नव्या कुणी ओवणारही नाही, हे तिला एकदम कळले आणि ती ढसाढसा रडली.

शिपाई कागद लावता लावता घायकुतीला आला. गठ्ठा संपला. त्याने स्वतःचा रुमाल लावला, तो पिळून पुन्हा लावला. निरीक्षक हर्षाने खुर्चीवरून उठले. "वा! वा बाई! इतक्या वर्षांच्या नोकरीत असं प्रकरण पाहिलं नाही! मशीन तुमचं. अतिप्रिय, वर्ग पहिला!"

एकदा धरण फुटल्यावर ते थांबेना. तिला स्टोव्हवर रडू आले, पलंगावर आले, बादलीवर, नळावर, दाराच्या कडीवर आले. निरीक्षक मागे मागे फिरून 'वर्ग पहिला, वर्ग पहिला' करत राहिले. मावशी एकदाची हरली, आणि हरल्याच्या दुःखाने रडली. पण तोवर सगळ्या वस्तू वाटून संपल्या होत्या.

धाकटीने डोळे पुसले, तोंड धुवायला नळाकडे गेली, तर शिपाई नळाला दोरी गुंडाळून त्यावर लाखेचे सील ठोकत होता.

"हे काय?"

"संवर्धन," निरीक्षक म्हणाले. "वस्तू वापरली की झिजते. वस्तू झिजली की स्मृती झिजते. पहिल्या वर्गाच्या वस्तूला हात लावता येत नाही. तुम्ही फक्त समोर उभं राहून आठवण काढायची. धूळ पुसू शकता, मात्र प्रेमाने."

"पण मला गणवेश शिवायचेत!"

"आईच्या मशीनवर? परक्या मुलांचे?" निरीक्षकांनी शिपायाकडे पाहिले. शिपायाने मान खाली घातली. "बाई, तुमच्या भावनेचं रक्षण आता तुमच्यापासूनच करावं लागणार, असं दिसतं."

अशा रीतीने धाकटी एका संपूर्ण घराची मालकीण झाली आणि तिला बसायला जागा उरली नाही. आंघोळीला ती शेजारणीकडे जाऊ लागली. शेजारीण मोरी द्यायची, पण शिडीची आठवणही द्यायची, कारण तिच्या घरातला दिवा गेला होता आणि तो बदलायची शिडी आता मावशीची अतिप्रिय वस्तू म्हणून जिन्यात सीलबंद उभी होती. साऱ्या घरात कायद्याने वापरता येईल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे थोरलीचे कपाट. त्याच्यावर कुणाचीच माया सिद्ध झाली नव्हती. धाकटी कपाटातले खण काढून आत बसली आणि हाताने काजे करू लागली. आईच्या बहिणीला चेंगरणारे दार तिलाही चेंगरत होते. शाळेच्या मुख्याध्यापिका बघायला आल्या. कपाटातून शिंपीण बाहेर येताना पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "आठवड्याच्या शेवटापर्यंत थांबते. मग मला दुसरीकडे बघावं लागेल."

धाकटी पुन्हा कार्यालयात गेली. "माया कमी करून मिळते का?"

"मिळते," निरीक्षक म्हणाले. "मायेचं निरसन. तुम्हाला सिद्ध करावं लागेल की मयत व्यक्तीवर तुमचं फारसं प्रेम नव्हतं. तिच्याविषयी तक्रारी असतील तर सांगा. सगळ्या वारसांसमोर सुनावणी होईल."

सुनावणीला तिघी हजर झाल्या. धाकटीला आदल्या दिवशी वाटले होते की आपल्याला शब्द फुटणार नाही. आईला नावे कशी ठेवायची? पण पहिली तक्रार बाहेर पडली आणि मागची तिला ढकलतच आली.

"साहेब, मला झोपेतून हलवून उठवायची आणि विचारायची, झोपलीस का?"

कोपऱ्यातला कारकून खुदकन हसला.

"गिऱ्हाईक आलं की आधी त्याला सांगायची, हिच्या कॉलरी वाकड्या असतात हं, नीट बघून घ्या. मी फोनवर बोलत असले की शेजारी बसून खोकायची, खोकला नसताना. मी भांडले की बोलायची नाही, भिंतीला सांगायची. भिंतीला म्हणायची, तिला जेवायचं असेल तर वाढलंय म्हणावं! नजर गेली तरी मी केस कापलेत हे तिला कळलं, आणि तीन दिवस, शोभत नाही, शोभत नाही! अहो, दिसत नाही तर शोभत नाही कसं?"

"माझी पण!" शिपाई ओरडला. "माझी पण भिंतीला सांगते!"

कारकून जागा सोडून जमा झाले. एकाची आई त्याच्या पन्नाशीतही त्याला स्वेटर घाल म्हणून कचेरीत फोन करायची. दुसऱ्याची आई साहेबांचीच विचारपूस करायची. धाकटी आता रंगात आली होती. तिने आईच्या घोरण्याची नक्कल केली, मग घोरत नाही हे पटवून देतानाची नक्कल केली. सारी कचेरी पोट धरून हसत होती. तिला स्वतःला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हलके वाटले. आपण जिंकलो, असे वाटून ती थांबली.

निरीक्षक चष्मा काढून डोळे टिपत होते. (कर्मचाऱ्यांचे अश्रू ग्राह्य धरले जात नाहीत.) "बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "इतक्या बारीक तक्रारी माणूस कुणाच्या करतो? ज्याच्यावाचून त्याचं पान हलत नाही त्याच्याच! तुमचा वर्ग पहिला रद्द करतो."

"हो ना!"

"आणि तुम्हाला विशेष वर्ग देतो. आता समोर उभंही राहता येणार नाही. दुरून बघायचं."

करायला गेली एक आणि झाले भलतेच. निरीक्षक नियम म्हणून थोरलीकडे वळले. "तुमच्या काही तक्रारी?"

"छे. चांगली होती."

"काही विशेष आठवण?"

थोरलीने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "विशेष अशी नाही. आई होती. असायची घरी."

"चहात साखर किती घ्यायची?"

"घेत असेल की सगळ्यांसारखी."

निरीक्षक उभे राहिले. त्यांच्यामागे कारकून उभे राहिले. "अलिप्त वारस!" ते आदराने म्हणाले. "योजनेच्या प्रस्तावनेत हिचा उल्लेख आहे. वस्तूंना मायेपासून जो धोका असतो तो हिच्या हातात नाही. सील काढा. सगळं सामान यांना द्या. त्या मावशींची शिडीसुद्धा!"

"पण मला नकोय हो," थोरली म्हणाली.

"म्हणून तर!"

"मग मी बहिणीला देऊन टाकते."

"नात्यात देता येत नाही. माया परत येते. परक्याला विकू शकता."

थोरली दगड नव्हती. लांब राहून आईशी तिचे बोलणे विरले होते, एवढेच. धाकटीशी विरले नव्हते. जिना उतरताना ती कुजबुजली, "गल्लीच्या टोकाला भंगारवाला आहे ना, त्याच्याकडे सगळं टाकते. तू तिथून घे. पण ऐक, ओळख दाखवू नकोस हं. चेहरा सरळ ठेव."

"तुझ्यासारखा?"

"माझ्यासारखा," थोरली म्हणाली, आणि हे बोलताना तिला जरा लागले.

शेजारीण सगळ्यांच्या आधी जाऊन आपलीच शिडी विकत घेऊन आली. धाकटी पोचली तेव्हा भंगाराच्या अंगणात आईचे सगळे घर उघड्यावर मांडलेले होते, आणि आईच्या खुर्चीत निरीक्षक बसले होते. विक्रीनंतर भावनांची गळती होते का, हे पाहण्यासाठी त्यांना पाठवले होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

"हे काय आहे?" धाकटीने मशीनकडे पायाने खूण करून विचारले.

"शिलाई मशीन आहे ताई," भंगारवाला म्हणाला. "एकदम भारी. एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. जिवापाड सांभाळलेलं."

"काय सांभाळलंय! गंज चढलाय नुसता. डगमगतंय. कोण घेणार असलं?"

निरीक्षकांनी मान डोलावली. धाकटीला मनातून आईची माफी मागावीशी वाटली, आणि त्याच वेळी हसूही येत होते. ते दोन्ही तिने दाताखाली धरले.

"चालवून तर बघा," भंगारवाल्याने स्टूल सरकवले.

ती बसली. या मशीनला आधी हाताने चाक एक वळसा फिरवावे लागायचे, मगच पाय मारायचा. तिचा उजवा हात आपसूक चाकाकडे निघाला. निरीक्षक पुढे वाकले. हात अर्ध्या वाटेवर पोचला होता, तिथून तिने तो वळवला आणि नाक खाजवले. मग पाय असा उलटा मारला की दोरा तटकन तुटला आणि खाली गुंता झाला. हे करताना तिला स्वतःचाच पाय तुटल्यासारखे झाले.

"येत नाही वाटतं तुम्हाला," निरीक्षक म्हणाले. नुकतीच एवढा वेळ तक्रारी करून गेलेली बाई त्यांनी ओळखली नव्हती. कार्यालयाबाहेर माणसे ओळखण्याची त्यांना सवय नव्हती. "घेऊन करणार काय?"

"वर कुंडी ठेवीन."

"कुंडी!" निरीक्षकांनी समाधानाने शेरा मारला.

मग ती घासाघीस करू लागली. जिवापाड प्रेमाची वस्तू पाडून मागण्यात एक गंमत असते, हे तिला तेव्हा कळले. तिने मशीनच्या पायांना नावे ठेवली, पट्ट्याला ठेवली, ज्या म्हाताऱ्या बाईने ते वापरले तिच्या शिवणकामालाही ठेवली. "कॉलरी वाकड्याच येत असणार यावर," ती म्हणाली, आणि हे बोललेले आईला फार आवडले असते असे तिला वाटले. भंगारवाला वैतागला आणि म्हणाला, "न्या एकदाचं."

मशीन जिन्यावरून वर आले, खिडकीखाली बसले. तिने दार लावले, तेल घातले, चाक फिरवले. शाळा उघडली तेव्हा मुले गणवेशात होती. मशीन चालू असताना त्याचा आवाज बराच होतो, त्यामुळे ती आत बसून रडत होती की गुणगुणत होती, हे शेजारणीलाही नक्की सांगता येत नाही.

या प्रकरणातून कार्यालयाने धडा घेतला. मृत्यूची वाट बघत बसण्यात वेळ जातो, म्हणून आता वारसांची पात्रता आई हयात असतानाच तपासली जाते, आणि समानतेच्या तत्त्वावर ती पुरुषांनाही लागू केली आहे. एक फोन येतो. आईशी शेवटचे कधी बोललात, काय बोललात, हल्ली तिचे दुखते काय आणि ती जेवते कुणासोबत, असे साधे प्रश्न असतात. बहुतेक नागरिक दुसऱ्याच प्रश्नाला अलिप्त वारस म्हणून मंजूर होतात आणि तिसरा विचारायची वेळ येत नाही. वाचकांनीही निश्चिंत असावे, आपले काम अडणार नाही. फक्त एक विनंती आहे: आमचा फोन येण्याआधी घाईघाईने आईला फोन करून उत्तरे विचारून ठेवू नयेत. तो गैरप्रकार समजला जाईल.